सागरी बर्फाचे ध्रुवणमितीय रडार वर्गीकरण

समुद्राचे पाणी गोठून तयार होणाऱ्या बर्फाचे वय, जाडी व घडण यांनुसार पडणारे प्रकार रडार तरंगांच्या ध्रुवणावरून ओळखण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावतात. ध्रुवण म्हणजे तरंगातील विद्युत् क्षेत्राची कंपनदिशा होय. उपग्रहावरील वा विमानातील रडार ज्ञात ध्रुवणाचे सूक्ष्मतरंग बर्फाकडे पाठविते. बर्फाच्या पृष्ठभागावरून व अंतर्भागातून विखुरले जाऊन परत येणाऱ्या तरंगांचे ध्रुवण बदललेले असते. हा बदल बर्फाचा खडबडीतपणा, खारटपणा व त्यातील हवेचे बुडबुडे यांवर अवलंबून असल्यामुळे बदलाचे मापन केले की, बर्फाचा प्रकार अनुमानिता येतो. सुदूर संवेदनाच्या या शाखेत विद्युत् चुंबकीय सिद्धांत, बर्फाचे भौतिकी व संख्याशास्त्र या तिन्हींचा मेळ घातलेला आहे.

महत्त्व : ध्रुवीय समुद्रातून जाणाऱ्या जहाजाच्या दृष्टीने बर्फ किती क्षेत्रावर पसरला आहे, यापेक्षा तो कोणत्या प्रकारचा आहे, ही बाब अनेकदा अधिक निर्णायक असते. तीस सेंमी. जाडीचा नवा बर्फ योग्य बांधणीचे जहाज सहज फोडू शकते. परंतु तेवढ्याच क्षेत्रावरील जुना, कठीण बर्फ त्याच जहाजाचा तळ फाडू शकतो. २३ नोव्हेंबर २००७ रोजी एक्स्प्लोरर हे प्रवासी जहाज अंटार्क्टिका द्वीपकल्पाजवळ साउथ शेटलंड बेटांनजीक बर्फावर आदळून बुडाले. जहाजावरील सर्व १५४ जण वाचले. या जहाजाची नोंदणी लायबीरियात होती. त्या देशाने केलेल्या चौकशीत असे आढळले की, समोरचा बर्फ त्या वर्षीचा, म्हणजे तुलनेने मऊ आहे, अशी कप्तानाची समजूत झाली होती. प्रत्यक्षात तो जमिनीवरील हिमनदीपासून आलेला, कितीतरी कठीण बर्फ होता. चुकलेल्या वर्गीकरणाची किंमत काय असू शकते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

दुसरे महत्त्व जलवायुविज्ञानाच्या दृष्टीने आहे. पांढरा बर्फ सूर्यप्रकाशाचा मोठा भाग परत पाठवितो, तर खुले काळसर पाणी तो शोषून घेते. पातळ बर्फातून समुद्राची उष्णता वातावरणात सहज जाते, जाड बर्फातून ती जात नाही. त्यामुळे बर्फाचे क्षेत्र कायम राहूनही जुन्या जाड बर्फाची जागा पातळ नव्या बर्फाने घेतल्यास ऊष्मीय ताळेबंद बदलतो. आर्क्टिक महासागरातील सागरी बर्फाचे किमान क्षेत्र सप्टेंबर २०१२ मध्ये सु. ३४ लाख चौ. किमी. इतके खाली आले. अंटार्क्टिकाभोवतीचे हिवाळी कमाल क्षेत्र २०२३ मध्ये सु. १ कोटी ७० लाख चौ. किमी. पर्यंतच पोहोचले. उपग्रहीय नोंदींच्या काळातील हे नीचांक आहेत.

बर्फाचे प्रकार : दर हजारी सु. ३५ भाग लवण असलेले समुद्राचे पाणी सु. −१·८° से. तापमानास गोठू लागते. प्रथम पाण्यात सुईसारखे बारीक स्फटिक दिसतात व पृष्ठभागावर तुपकट तवंगासारखा थर येतो. समुद्र शांत असल्यास त्यापासून १० सेंमी. पर्यंत जाडीचा लवचिक, काळपट पापुद्रा बनतो. लाटा असल्यास थराचे तुकडे एकमेकांवर घासून भाकरीसारख्या वाटोळ्या, काठ वर उचललेल्या चकत्या तयार होतात. यास चकती बर्फ म्हणता येईल. १० ते ३० सेंमी. जाडीच्या बर्फास तरुण बर्फ व त्याहून जाड, परंतु एकच हिवाळा पाहिलेल्या बर्फास प्रथमवर्षीय बर्फ म्हणतात. प्रथमवर्षीय बर्फाची जाडी सामान्यतः ३० सेंमी. ते २ मी. असते. निदान एक उन्हाळा न वितळता टिकलेला बर्फ जुना बर्फ होय. त्यातच बहुवर्षीय बर्फाचा समावेश होतो. जागतिक वातावरणविज्ञान संघटनेने १९७० मध्ये सागरी बर्फाची परिभाषा प्रसिद्ध केली. तीत नंतर सुधारणा झाल्या असल्या, तरी वरील विभागणी तिच्यावरच आधारलेली आहे.

वयाप्रमाणेच बर्फाच्या रूपावरूनही भेद करतात. किनाऱ्याला चिकटून स्थिर राहिलेला तो किनाराबद्ध बर्फ आणि वारा व प्रवाह यांबरोबर हलणारा तो वाहता बर्फ. वाहते तुकडे एकमेकांवर दाबले गेले म्हणजे शेतातील वरंब्यांसारखे उंचवटे निर्माण होतात; ते दूर सरले म्हणजे लांबट भेगा पडून खुले पाणी दिसू लागते. हिमनग मात्र सागरी बर्फात मोडत नाहीत. ते जमिनीवरील हिमनद्यांपासून व त्यांच्या तरंगत्या कडांपासून तुटलेले गोड्या पाण्याच्या बर्फाचे तुकडे असतात.

बर्फाचे विद्युत् गुणधर्म : रडारला हे प्रकार वेगवेगळे का दिसतात, याचे मूळ लवणात आहे. बर्फाच्या स्फटिकजालकात लवणास जवळजवळ जागा नसते. बर्फाच्या कारखान्यातील लादी बाहेरून आत गोठत जाते, तेव्हा पाण्यातील क्षार व विरघळलेली हवा मध्याकडे ढकलली जातात आणि म्हणून लादीचा गाभा पांढुरका दिसतो. समुद्राचे पाणी गोठतानाही लवण असेच बाहेर ढकलले जाते. परंतु गोठण्याचा वेग जास्त असल्यास तीव्र लवणद्राव स्फटिकांच्या दरम्यान बारीक कप्प्यांत अडकून पडतो. म्हणून नवा बर्फ बराच खारट असतो. हिवाळ्याच्या अखेरीस प्रथमवर्षीय बर्फाची लवणता दर हजारी सामान्यतः ४ ते ६ पर्यंत उतरते. उन्हाळ्यात वरचे हिम वितळून गोडे पाणी खाली झिरपते, लवणद्राव वाहून जातो व रिकाम्या झालेल्या कप्प्यांत हवा शिरते. अशा रीतीने बहुवर्षीय बर्फाचा वरचा थर जवळजवळ अलवण व बुडबुड्यांनी भरलेला असतो.

शुद्ध बर्फाचा सापेक्ष विद्युत् अपार्यतांक सूक्ष्मतरंगांच्या पट्ट्यात सु. ३·२ असून त्यात तरंगांची ऊर्जा फारच थोडी शोषली जाते. लवणद्रावाचा अपार्यतांक कितीतरी मोठा असून तो विजेचा चांगला संवाहकही आहे. त्यामुळे खारट बर्फात तरंग काही सेंमी. पेक्षा फारसे खोल जात नाहीत व प्रतिध्वनी मुख्यतः पृष्ठभागावरून येतो. अलवण जुन्या बर्फात ते बरेच खोल शिरतात व आतील बुडबुड्यांवर आपटून सर्व दिशांना विखुरतात. वऱ्हाडातील वाचकास याचे जवळचे उदाहरण पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात सापडेल. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांच्या काही भागांत पसरलेल्या या पट्ट्यातील ओली खारट माती आणि त्याच जिल्ह्यांतील कोरडी मुरमाड जमीन यांच्या विद्युत् गुणधर्मांत जो फरक असतो, त्याच जातीचा फरक नव्या व जुन्या सागरी बर्फात असतो.

रडारचे साधन : ध्रुवीय प्रदेशांत हिवाळ्यातील दीर्घ रात्र व उन्हाळ्यातील ढग यांमुळे प्रकाशीय छायाचित्रणावर विसंबता येत नाही. सूक्ष्मतरंग ढगांतून पार जातात व रडार स्वतःच तरंग पाठवीत असल्याने त्यास सूर्यप्रकाशाची गरज नसते. मात्र उपग्रहाच्या उंचीवरून बारीक तपशील मिळविण्यासाठी फार मोठी आकाशक (अँटेना) लागेल. उदा., ५·६ सेंमी. तरंगलांबीच्या रडारला ८०० किमी. अंतरावरील १० मी. चा तपशील वेगळा पाहावयाचा असल्यास सु. साडेचार किमी. लांबीची आकाशक हवी. हे अशक्य असल्याने संश्लिष्ट द्वारक रडार वापरतात. यात काही मीटर लांबीची आकाशक पुढे सरकत असताना ठिकठिकाणी मिळालेले प्रतिध्वनी त्यांच्या कलांसह नोंदवून गणिताने एकत्र केले जातात आणि जणू लांब आकाशकच वापरली, असा परिणाम साधला जातो. या कामासाठी एक्स पट्टा (सु. ३ सेंमी.), सी पट्टा (सु. ५·६ सेंमी.), एस पट्टा (सु. ९ ते १० सेंमी.) व एल पट्टा (सु. २४ सेंमी.) हे तरंगलांबीचे पट्टे प्रचारात आहेत.

पृष्ठभाग खडबडीत की गुळगुळीत, हे तरंगलांबीच्या मानाने ठरते. रॅली यांच्या निकषानुसार ४०° आपाती कोनास सी पट्ट्यासाठी ही सीमा सु. ०·९ सेंमी. व एल पट्ट्यासाठी सु. ४ सेंमी. येते. म्हणजे दोन सेंमी. उंचसखलपणा असलेला बर्फ सी पट्ट्यास खडबडीत व एल पट्ट्यास गुळगुळीत वाटतो. गुळगुळीत पृष्ठ तरंगांना आरशाप्रमाणे पलीकडे परावर्तित करते, रडारकडे काहीच परत येत नाही व प्रतिमेत ते काळे उमटते. लोणार सरोवराचे निवांत पाणी जसे काळे दिसेल, तसाच शांत समुद्रावरील पातळ नवा बर्फही काळा दिसतो. केवळ उजळपणावरून निर्णय केल्यास पाणी व बर्फ यांत घोटाळा होतो, तो असा. उलट, वाऱ्याने खवळलेले पाणी उजळ दिसून जुन्या बर्फाचा भास निर्माण करते. ही संदिग्धता दूर करण्यासाठी ध्रुवणाचा आधार घ्यावा लागतो.

ध्रुवणमिती : पूर्ण ध्रुवणमितीय रडार आळीपाळीने आडवे व उभे ध्रुवित तरंग पाठविते आणि प्रत्येक वेळी परत येणाऱ्या तरंगाचे आडवे व उभे असे दोन्ही घटक नोंदविते. आडवा पाठवून आडवा स्वीकारणे यास एचएच, उभा पाठवून उभा स्वीकारणे यास व्हीव्ही आणि एका दिशेने पाठवून दुसऱ्या दिशेचा स्वीकारणे यास एचव्ही वा व्हीएच अशी चिन्हे रूढ आहेत. पाठविणारी व घेणारी आकाशक एकच असल्यास नैसर्गिक पृष्ठांसाठी एचव्ही व व्हीएच समान धरतात. परमप्रसर (कंपविस्तार) व कला या दोहोंसह लिहिलेल्या या चार राशींच्या मांडणीस प्रकीर्णन आव्यूह म्हणतात. साध्या रडार प्रतिमेत प्रत्येक बिंदूस एकच संख्या असते, तर येथे प्रत्येक बिंदूस एक संपूर्ण आव्यूह लाभतो.

या राशींच्या बेरजा-वजाबाक्यांस भौतिक अर्थ आहे. एचएच व व्हीव्ही यांची बेरीज एकाच पृष्ठावरून होणाऱ्या प्रकीर्णनाची निदर्शक असते. त्यांची वजाबाकी दोन वेळा आपटून परत येणाऱ्या तरंगाची, उदा., सपाट बर्फ व त्यावर उभी राहिलेली वरंब्याची भिंत यांच्या कोपऱ्यातून परतणाऱ्या तरंगाची, खूण असते. एचव्ही हा घटक बुडबुडे वा अस्ताव्यस्त पडलेले ठोकळे यांसारख्या अनेक प्रकीर्णकांमुळे कंपनदिशा विस्कटल्याचे सांगतो.

संश्लिष्ट द्वारक रडारच्या प्रतिमेत तरंगांच्या व्यतिकरणामुळे कणीदार ठिपके उमटतात. म्हणून शेजारच्या बिंदूंची सरासरी घेऊन तीन ओळी व तीन स्तंभ असलेला सुसंगती आव्यूह बनवितात. शेन आर. क्लाउड व एरिक पॉटिए यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत या आव्यूहाची तीन आयगेनमूल्ये काढली जातात. प्रत्येक मूल्याचा एकूण बेरजेतील वाटा म्हणजे त्या त्या प्रकीर्णन यंत्रणेचा हिस्सा होय. या वाट्यांवरून एंट्रॉपी ही राशी ठरते. एकच यंत्रणा असल्यास एंट्रॉपी शून्य व तिन्हींचे वाटे समान असल्यास एक येते; वाटे ०·८०, ०·१५ व ०·०५ असल्यास ती सु. ०·५६ भरते. आल्फा कोन हा दुसरा निर्देशक यंत्रणेचा प्रकार सांगतो. तो ०° च्या जवळ असल्यास पृष्ठीय प्रकीर्णन, ४५° च्या आसपास असल्यास काडीसारख्या कणांचे प्रकीर्णन व ९०° च्या जवळ असल्यास दुहेरी परावर्तन समजतात. अँथनी फ्रीमन व स्टीफन डर्डन यांनी १९९८ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत एकूण परतलेली शक्ती पृष्ठीय, दुहेरी व घनगत अशा तीन भागांत वाटली जाते.

वर्गीकरणाची रीत : प्रथम रडारच्या आकड्यांचे अंशन करतात व ठिपके कमी करतात. नंतर आपाती कोनाचा परिणाम विचारात घेतात. कारण एकाच प्रकारचा बर्फ प्रतिमेच्या जवळच्या कडेस उजळ व दूरच्या कडेस मंद दिसतो. त्यानंतर एंट्रॉपी, आल्फा कोन, व्हीव्ही व एचएच यांचे गुणोत्तर, एचव्हीची शक्ती इ. लक्षणे प्रत्येक बिंदूसाठी काढतात. वर्ग ठरविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात ज्ञात प्रकारच्या बर्फाचे नमुने संगणकास आधी पुरविले जातात. दुसऱ्यात एंट्रॉपी-आल्फा प्रतलातील विभागांवरून प्रारंभिक वर्ग पाडतात. मग प्रत्येक वर्गाचा सरासरी आव्यूह काढून प्रत्येक बिंदू ज्या सरासरीस सर्वांत जवळचा असेल, त्या वर्गात टाकतात व वर्ग स्थिरावेपर्यंत ही कृती पुन्हा पुन्हा करतात. हे जवळदूरपण मोजण्यासाठी विशार्ट वितरणाचा उपयोग जे. एस. ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात रूढ केला. अलीकडे नमुन्यांवरून शिकणारी कृत्रिम तंत्रिका जालेही वापरात आली आहेत. मात्र दुसऱ्या मार्गाने मिळालेल्या वर्गांना बर्फाची नावे देण्याचे काम शेवटी जाणकारासच करावे लागते.

प्रकारांची लक्षणे : हिवाळ्यातील थंड बर्फाबाबत पुढील लक्षणे सर्वसाधारणपणे आढळतात. (१) खुले पाणी व पातळ नवा बर्फ : एंट्रॉपी व एचव्ही कमी, अपार्यतांक मोठा असल्याने मोठ्या आपाती कोनास व्हीव्हीची शक्ती एचएचपेक्षा स्पष्टपणे अधिक. वाऱ्याने खवळलेले पाणी उजळ असले, तरी त्याचा एचव्ही घटक मंदच राहतो व त्यावरून ते जुन्या बर्फापासून ओळखू येते. (२) चकती बर्फ : उचललेल्या काठांमुळे एचएच व व्हीव्ही दोन्ही उजळ. (३) सपाट प्रथमवर्षीय बर्फ : पृष्ठीय प्रकीर्णन प्रधान, एंट्रॉपी कमी, व्हीव्ही व एचएच यांचे गुणोत्तर एकाच्या जवळ सरकलेले. (४) वरंबे व भंगलेला बर्फ : एचव्ही व दुहेरी परावर्तन यांत वाढ, एल पट्ट्यात ते विशेष उठून दिसतात. (५) बहुवर्षीय बर्फ : बुडबुड्यांमुळे घनगत प्रकीर्णन, एचव्ही प्रथमवर्षीय बर्फापेक्षा अनेक पटींनी अधिक, एंट्रॉपीही अधिक. हा भेद सी पट्ट्यात चांगला दिसतो. एल पट्ट्याच्या मानाने बुडबुडे फारच लहान असल्यामुळे तेथे तो पुसट होतो. यावरून दोन पट्टे एकत्र वापरण्याचा लाभ लक्षात येईल.

मर्यादा : या लक्षणांचे बहुतांश ज्ञान आर्क्टिकमधील हिवाळी निरीक्षणांवरून मिळालेले आहे व ते सर्वत्र जसेच्या तसे लागू पडत नाही. उन्हाळ्यात हिम ओले झाले की, पाण्याचा पातळ थर तरंगांना अडवितो. खालचे बुडबुडे रडारला दिसत नाहीत व जुना-नवा भेद नाहीसा होतो. जहाजे मात्र प्रामुख्याने उन्हाळ्यातच जातात. नव्या बर्फावर उगवणारी खारट तुषारफुले त्यास काही काळ जुन्या बर्फाइतके उजळ करतात. अंटार्क्टिकाभोवतीचा बहुतेक बर्फ प्रथमवर्षीय असून त्यावर हिमाचा जाड थर साचतो. या भाराने बर्फाचा पृष्ठभाग पाण्याखाली दबतो, समुद्राचे पाणी हिमात शिरते व खारट चिखल्यासारखा थर गोठून नवाच बर्फ तयार होतो. आर्क्टिकच्या नमुन्यांवर शिकविलेला संगणक अशा बर्फास चुकीचे नाव देण्याचा संभव असतो.

दुसरी अडचण व्याप्तीची आहे. चारही घटक नोंदवावयाचे म्हटले की, प्रतिमेचा पट्टा अरुंद होतो. कॅनडाच्या रडारसॅट-२ उपग्रहाचा पूर्ण ध्रुवणमितीय पट्टा मूळ योजनेत सु. २५ किमी. रुंदीचा होता, तर त्याचाच एक वा दोन घटकांचा पट्टा ५०० किमी. पर्यंत जात असे. जहाजास मार्ग दाखविण्यासाठी रुंद पट्टा हवा असतो. यावर तोड म्हणून वर्तुळाकार ध्रुवित तरंग पाठवून आडवे व उभे घटक स्वीकारणारी संकरित पद्धती निघाली. तीत पूर्ण माहिती मिळत नाही, परंतु दोन घटकांच्या साध्या रडारपेक्षा अधिक मिळते.

तिसरी अडचण पडताळ्याची. सरकत्या बर्फावर उतरून भोक पाडणे, जाडी मोजणे व गाभ्याचे नमुने घेणे हे काम खर्चाचे व धोक्याचे आहे. जाणकारांनी काढलेले बर्फाचे नकाशे पडताळ्यास वापरले जातात. पण तेही बहुधा रडार प्रतिमांवरूनच काढलेले असल्याने त्यांच्याशी जुळणे म्हणजे सत्याशी जुळणे असे मानता येत नाही. म्हणून वर्गीकरणाच्या नकाशाबरोबर प्रत्येक वर्ग किती वेळा कोणत्या वर्गात चुकून गेला, याचे कोष्टक देणे आवश्यक मानतात. बहुवर्षीय बर्फास पातळ म्हणणे व पातळ बर्फास बहुवर्षीय म्हणणे या दोन्ही चुका कोष्टकात सारख्याच दिसतात. जहाजाच्या दृष्टीने मात्र पहिली चूक प्राणघातक, तर दुसरी केवळ इंधनाचा व वेळेचा अपव्यय करणारी ठरू शकते.

इतिहास : अमेरिकेचा सीसॅट हा उपग्रह जून १९७८ मध्ये सोडण्यात आला. त्यावरील एल पट्ट्याच्या रडारने सु. शंभर दिवसच काम केले. परंतु सागरी बर्फाच्या हालचाली अवकाशातून टिपता येतात, हे त्याने दाखवून दिले. मार्च १९८८ मध्ये जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या विमानातील ध्रुवणमितीय रडारने आर्क्टिकमधील ब्यूफर्ट समुद्रावर उड्डाणे केली व बर्फाच्या प्रकारांची ध्रुवणीय लक्षणे प्रथमच तपशिलाने अभ्यासिता आली. १९९४ मध्ये अवकाशयानावरून (एंडेव्हर) एल व सी पट्ट्यांत पूर्ण ध्रुवणमितीय प्रतिमा घेण्यात आल्या. युरोपचा ईआरएस-१ (१९९१) व कॅनडाचा रडारसॅट-१ (१९९५) हे उपग्रह एकाच ध्रुवणाचे होते. पूर्ण ध्रुवणमितीची सोय जपानच्या आलोस (२००६) व कॅनडाच्या रडारसॅट-२ (२००७) या उपग्रहांवर झाली. २०१४ पासून युरोपच्या सेंटिनल-१ मालिकेच्या दोन घटकांच्या प्रतिमा सर्वांस विनामूल्य उपलब्ध झाल्याने हे काम विद्यापीठांच्या आवाक्यात आले.

भारतातील कार्य : भारताचा सागरी बर्फाशी प्रत्यक्ष संबंध गोव्यापासून सुरू झाला. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी पोलर सर्कल या जहाजाने गोव्याहून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. पुढे दक्षिण गंगोत्री, मैत्री (१९८९) व भारती (२०१२) ही केंद्रे उभारली गेली. मोहिमांचे संयोजन करणारी संस्था १९९८ मध्ये गोव्यातील वास्को द गामा येथे स्थापन झाली. ती आज राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या नावाने ओळखली जाते. मैत्री केंद्र तरंगत्या हिमथराच्या काठापासून सु. १०० किमी. आत आहे, भारती केंद्र प्रिड्झ उपसागराच्या किनारी लार्सेमान टेकड्यांवर आहे. दोन्ही ठिकाणी वर्षभराचे इंधन, अन्न व यंत्रे पोहोचविण्यासाठी थोड्या आठवड्यांचा उन्हाळा मिळतो. वाटेतला वाहता बर्फ विरळ आहे की दाट, किनाराबद्ध बर्फ किती काळ टिकेल, यांवर त्या वर्षीची मोहीम अवलंबून असते.

अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रात उपग्रहीय आधारसामग्रीवरून सागरी बर्फाचा अभ्यास केला जातो व अंटार्क्टिका मोहिमेच्या जहाजांसाठी बर्फविषयक सल्लाही तयार केला गेला आहे. २६ एप्रिल २०१२ रोजी सोडलेला रीसॅट-१ हा सी पट्ट्याचा भारतीय उपग्रह संकरित ध्रुवणमितीची सोय असलेल्या पहिल्या भू-निरीक्षण उपग्रहांपैकी होता. त्याचे कार्य १४ फेब्रुवारी २०२२ रोजी सोडलेल्या ईओएस-०४ उपग्रहाने पुढे चालविले. २०१९ च्या चांद्रयान-२ वर एल व एस पट्ट्यांचे पूर्ण ध्रुवणमितीय रडार असून चंद्राच्या ध्रुवांजवळील विवरांत बर्फ आहे काय, याचा शोध घेणे हा त्याचा एक हेतू आहे. भारत व अमेरिका यांनी मिळून बनविलेला निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. त्यावर अमेरिकेचे एल पट्ट्याचे व भारताचे एस पट्ट्याचे अशी दोन रडारे असून तो दर १२ दिवसांनी त्याच मार्गावर परत येतो. भूपृष्ठ व वनस्पती यांच्याबरोबर हिमस्तर व सागरी बर्फ हेही त्याच्या अभ्यासाचे विषय आहेत.

इतर उपयोग : बर्फासाठी विकसित झालेले हे गणित शेतीसही लागू पडते. विदर्भात खरिपाच्या ऐन महिन्यांत आकाश ढगाळ असल्याने प्रकाशीय उपग्रहांना पिके नीट दिसत नाहीत, रडारला मात्र दिसतात. कापसाची जुनी बाजारपेठ असलेल्या खामगावच्या परिसराचे उदाहरण घेता येईल. पेरणीच्या वेळी नांगरलेल्या काळ्या जमिनीवरून पृष्ठीय प्रकीर्णन होते व एंट्रॉपी कमी असते. सपाट प्रथमवर्षीय बर्फाची स्थिती अशीच असते. झाडे वाढून पाने व फांद्या पसरल्या की, एचव्ही व एंट्रॉपी वाढते. येथे बहुवर्षीय बर्फाशी साम्य दिसते. कपाशीत तुरीचे आंतरपीक असल्यास एकाच बिंदूत दोन पिकांचे प्रतिध्वनी मिसळतात आणि बर्फावरील ओल्या हिमाप्रमाणे येथेही वर्गीकरणात संदिग्धता येते. एकाच दिवसाच्या प्रतिमेऐवजी संपूर्ण हंगामाच्या प्रतिमांची मालिका वापरणे हा दोन्ही ठिकाणी उपाय ठरतो. नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र राज्याच्या जमीन, पाणी व पिके यांविषयीच्या अशा आधारसामग्रीचा उपयोग करते. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या संसाधन अभियांत्रिकी अध्ययन केंद्रात पिकांच्या वाढीचे ध्रुवणमितीय निर्देशांक व त्यांसाठी लागणाऱ्या संगणकीय आज्ञावली विकसित झाल्या आहेत.

ध्रुवणमितीय वर्गीकरणामुळे बर्फावर न उतरता त्याच्या अंतर्रचनेविषयी अनुमान करता येते, हे खरे असले, तरी ते शेवटी अनुमानच असते. रडार बर्फाचे वय मोजत नाही. ते तरंग कसे विस्कटले, एवढेच सांगते. वय व कठीणपणा यांविषयीचा निष्कर्ष ऋतू, तापमान, हिमाचा थर आणि त्या समुद्राची पूर्वपीठिका यांचा विचार करून माणसास काढावा लागतो. त्यामुळे जहाजावरील अनुभवी निरीक्षकाची जागा ही पद्धती घेत नाही. त्याच्या नजरेपलीकडच्या शेकडो किमी. क्षेत्राची माहिती ती त्यास आधी पुरविते.